आभाळावरचा रुपेरी चांदवा

एका राज्यात उन्हाने कहर मांडला. खडक तडकले, गाईंच्या कासा आटल्या, आणि राजा धवलकेतूची एकुलती लेक शाल्मली तापाने फणफणली. राजाने भस्मांग जादूगाराला बोलावले.

"सूर्य विझव," राजा म्हणाला.

"विझवता येत नाही महाराज, झाकता येतो. पण आभाळ सगळ्यांचे एकच. इथे चांदवा ताणला तर तिकडे काय होईल, ते मलाही ठाऊक नाही."

"ताण!"

जादूगाराने ओंजळभर राख वर फुंकली. आभाळभर रुपेरी चांदवा पसरला. ऊन निवले, शाल्मली उठून बसली. राजाला आनंदाने आभाळ ठेंगणे झाले.

दक्षिणेच्या खोऱ्यात राजाची धाकटी बहीण सुनंदिनी राणी होती. दर दिवाळीला ती भावाला नव्या भाताचे पोहे धाडी. लहानपणी तो चोरून बकाणे भरी, म्हणून टोपलीवरच्या फडक्याला अजूनही तिहेरी गाठ मारी. त्या दिवाळीला टोपली आली, तिहेरी गाठ आली. आत काहीच नव्हते. राजाला वाटले, बाई रुसली. त्याने टोपलीत भरजरी शालू घालून परत धाडला. पुढच्या दिवाळीलाही टोपली रिकामीच आली. राजाने आणखी भारी शालू धाडला. काय म्हणावे या शहाणपणाला!

तिसऱ्या वर्षी खोऱ्यातून उडत आलेली एक टिटवी सिंहासनाच्या हातावर येऊन बसली.

"राजा, पूर येणार असेल तर मी उंचावर अंडी घालते. तुझा चांदवा आल्यापासून नदीच्या पात्रातच घालते आहे. त्याने आमच्या ढगांची वाट मोडली. सुनंदिनी रुसली नव्हती रे. तिच्याकडे भातच नव्हता."

राजा ताडकन उठला. "फाडा तो चांदवा! आत्ताच्या आत्ता!"

"फाडलात तर अडवलेले सगळे ऊन एकदम कोसळेल," भस्मांग म्हणाला. "लेकही जाईल, खोरेही जाईल. तीन कामे करा. गावोगाव सावली उभी करा. आपल्या तळ्यांचे पाणी खोऱ्याला पोचवा. मग स्वतःच्या हाताने चांदवा उसवा. वर्षाला एकच पदर."

"आणि तोवर माझी बहीण?"

जादूगाराने राजाच्या हातात पहिले रोप ठेवले.

राजाने झाडे लावली. पखालींतून पाणी धाडले. पण खोरे मोठे, पखाली लहान. मग तो दरवर्षी शिखरावर चढून एकेक पदर उसवू लागला. सगळा चांदवा ओरबाडून काढावा असे त्याला दर वेळी वाटे. खाली अंगणात शाल्मली दिसे, आणि हात थांबे. रिकाम्या टोपलीचे कारण आपण बहिणीला आधीच विचारले का नाही, हे मात्र त्याला रोज छळत राहिले.

अखेर शेवटचा पदर निघाला. ऊन आले, पण झाडांखाली सोसवेल असे. खोऱ्यावर ढग ओथंबले. टिटवीने उंचावर अंडी घातली. दुष्काळ सरला.

त्या दिवाळीला टोपली आली. पोह्यांचा वास दारातच दरवळला. राजा धावत गेला, फडक्याला हात घातला, आणि तसाच थांबला. गाठ एकेरी होती. टोपली घेऊन भाचा आला होता. त्याने मुंडण केलेले होते.

राजा टोपली मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसला आणि ढसाढसा रडला.

"बाबा, मी सोडू का गाठ?" शाल्मलीने हळूच विचारले.

"थांब," राजा म्हणाला, आणि त्याने त्या गाठीवर आणखी दोन गाठी मारल्या.