सुपारीआधी कुदळ

खूप खूप वर्षांपूर्वी, कागदाऐवजी सुपारीवर व्यवहार होत त्या काळी, एका तळ्याकाठच्या गावात एक विणकर राहत होता. हात मोठा कसबी, पण स्वभाव इतका भिडस्त की पंगतीत वरणाला मीठ नसलं तरी मागायचा नाही.

त्या गावात घर विकायची एक रीत होती. मालकाने सुपारी पुढे करायची, घेणाऱ्याने ती पंचांसमोर फोडायची. सुपारी फुटली की घर त्याचं आणि घराचे दोषही त्याचेच.

विणकराचा सगळा जन्म भाड्याच्या घरांत गेला होता. त्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर चाले. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, विणायचं आणि घर बदललं की खड्डा बुजवून निघायचं. या खणण्या-बुजवण्याला तो विटला होता. अखेर नवरा-बायकोने पोटाला चिमटा घेऊन एका घरापुरती पुंजी जमवली.

तळ्याजवळचं एक घर त्याला फार आवडलं. दारात कडुनिंब, आत नुकतीच सारवलेली जमीन. पायाला गारवा लागला, तसा तो खूश होऊन म्हणाला, "उन्हाळ्यात किती बरं वाटेल!"

बायको मात्र भिंतीकडे बघत होती. "अहो, चुना कमरेपर्यंतच ताजा का? आणि सुपारी फोडायच्या आधी मागाचा खड्डा खणून बघा ना."

"अगं, दुसऱ्याच्या घरात कुदळ घालायची? काय म्हणतील ते?"

घरमालक गोड हसला. "घर तुमचंच समजा!" त्याने गूळ-पाणी दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. गूळ खाल्ल्यावर तर विणकराची जीभच उचलेना. त्याने पंचांसमोर सुपारी फोडली.

दुसऱ्या दिवशी त्याने हौसेने खड्डा खणला. गुडघाभर खोल गेला आणि तळातून पाणी पाझरू लागलं. उपसावं तेवढं पुन्हा भरे. माग मांडायला त्या घरात कोरडी जागाच नव्हती. विणकर कुदळ टाकून मटकन खाली बसला आणि रडला.

तो पंचांकडे गेला. म्हाताऱ्या पंचाने विचारलं, "सुपारीआधी काही विचारलं होतंस?"

"नाही."

"का रे?"

"मालकाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता कोणाला वाईट वाटतंय?" पंच म्हणाला. रीत ती रीत. घर विणकराच्याच गळ्यात राहिलं आणि माग पुन्हा दुसऱ्याच्या ओसरीत, भाड्याने.

पुढे एक तरुण रंगारी आणि त्याची बायको ते घर बघायला आली. त्यांचंही पहिलंच घर. रंगारी दारातल्या कडुनिंबावरच भाळला आणि त्याने सुपारीसाठी हात पुढे केला. विणकराच्या मनात आलं, देऊन टाकावी आणि सुटावं. पण त्या हातात त्याला आपलाच हात दिसला.

"थांब बाबा," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच कुदळीने गुडघाभर खड्डा खणला. "हे बघ. या घरात खणलं की पाणी लागतं. आता काय ते ठरव."

रंगाऱ्याची बायको खड्ड्यात वाकून बघत राहिली, मग हसू लागली. "अहो, रंगाच्या हौदासाठी तळ्यावरून घागरी वाहून माझी कंबर मोडली! हेच घर घ्या."

विणकराने मग टेकडीवरचं एक घर पाहिलं. मालकाने गूळ पुढे केला. लाजत, अडखळत, पण तो बोललाच, "गूळ नंतर खाईन. आधी जरा खणून बघू का?" खड्डा कोरडा निघाला. त्याच खड्ड्यात पाय सोडून तो म्हातारा होईपर्यंत विणत बसला.

तेव्हापासून त्या गावात सुपारीशेजारी कुदळ ठेवतात. पहिला गोडबोल्या मालक मात्र कुदळ दिसली की सुपारी परत खिशात घालायचा, म्हणून त्याची बाकीची घरं शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

तात्पर्य : घर घेताना भीड बाळगू नये आणि विकताना दोष झाकू नये.