भित्तिपत्रकावरचं एकच मत

प्राचार्य दाभोळे तरातरा आले आणि कॉलेजच्या भित्तिपत्रकावरच्या सदतीसच्या सदतीस चिठ्ठ्या टाचण्यांसकट उपटून घेऊन गेले.

झालं होतं असं. कॉलेजजीवनावरचा एक अतरंगी विनोदी सिनेमा गावात लागला होता. त्यातल्या प्राचार्यांपुढे कुणी ब्र जरी काढला, तरी ते त्याचं तोंड बंद करत. भित्तिपत्रकाची संपादक केतकी बोरगावे हिनं प्रेक्षकांची मतं मागवली. बहुतेकांनी लिहिलं, 'पोट दुखेपर्यंत हसलो. प्राचार्य तर अगदी ओळखीचे वाटले!'

"आता फक्त माझं मत लागेल," असं फर्मावून सरांनी स्वतः लिहून दिलं: 'निव्वळ खोटा सिनेमा! दुसऱ्याचं मत दडपणारा प्राचार्य कुठल्याच कॉलेजात नसतो.'

केतकीनं तो कागद मुकाट्यानं रिकाम्या फळ्याच्या मधोमध लावला. तासाभरात फळ्यापुढे ही गर्दी, आणि जो वाचेल तो खो खो हसत सुटलेला. सरांनी केतकीला खोलीत बोलावलं.

"का खिदळतायत सगळे? काय केलंस तू?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच, सर." केतकीनं नजर खाली केली नाही. "फळ्यावर तुमचं एकट्याचंच मत आहे, तोवर ते खोटं ठरतंय. ते खरं ठरवायचं असेल, तर बाकीची सदतीस परत लावावी लागतील."

सरांनी ड्रॉवर उघडला आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

केतकी जागची हलली नाही.

"टाचण्यापण द्या, सर."