पाठ फिरवलेली आई

कड्यापाशी जाऊन थांबणाऱ्या एका जंगलात एक अस्वलीण आपल्या एकुलत्या एका पिल्लासह राहत असे. कड्यावर वादळात पडलेला एक लांबलचक ओंडका होता. त्याचा बुंधा जमिनीकडे, शेंडा दरीवर, आणि मधे आधार काय तो एका काळ्या खडकाचा. अस्वलीण रोज बुंध्यावर उन्हाला पडे. बाळांनो, ओंडका इतका शांत दिसे की तो कशाच्या जोरावर शांत आहे, हे विचारायचे कुणाला सुचले नाही.

एके दिवशी आईचा डोळा लागलेला पाहून पिल्लू निघाले थेट शेंड्याकडे. तिथल्या ढोलीत मध होता, आणि अस्वलाच्या जातीला मध दिसला की दरी दिसत नाही. मधमाश्या डसल्या तसे ते किंचाळले. अस्वलीण दचकून उठली आणि ओंडक्यावरून त्याच्याकडे धावली. ती खडकाजवळ येऊ लागली तसा बुंधा उचलला गेला, शेंडा खाली झुकला आणि अख्खा ओंडका हातभर दरीकडे सरकला. पिल्लू घसरले आणि नखांनी साल धरून लोंबकळू लागले. तरीही तिने पुढचे पाऊल उचललेच.

खडकाच्या कपारीत एक म्हातारी घोरपड राहत असे. ओंडका कसा कलतो, हे तिला खालून स्पष्ट दिसत होते. ती म्हणाली, "बाई, पुढे जाऊ नका. मागे जा, अगदी टोकापर्यंत."

"माझं लेकरू रडतंय. त्याच्याकडे पाठ फिरवू?"

"तुम्ही जवळ गेलात, तर तुमच्याच वजनाने ते दरीत जाईल. तेच वजन लांब नेलंत, तर ते वर येईल."

अस्वलिणीने एकदा पिल्लाकडे पाहिले. अरुंद ओंडक्यावर उलट्या पावली चालणे शक्य नव्हते. ती वळली. मागून पिल्लू ओरडत राहिले, "आई, जाऊ नकोस." त्या हाकेला ओ न देता चालणे तिला फार जड गेले. पण तिच्या एकेका पावलागणिक शेंडा वर येत होता. बुंध्याच्या टोकाला पोचून ती बसली. तिथे लाल मुंग्यांचे वारूळ होते. मुंग्या तिच्या नाकाला, पापण्यांना डसल्या. ती तसूभरही हलली नाही. ओंडका आडवा झाला आणि पिल्लू रांगत रांगत खडक ओलांडून जमिनीवर उतरले.

ते आईजवळ मात्र गेले नाही. लांबूनच म्हणाले, "मी हाका मारत होतो आणि तू निघून गेलीस."

अस्वलीण ओंडक्यावरून खाली उतरली. ओंडका आधीच दरीकडे सरकलेला होता; तिचे वजन निघताच बुंधा वर उसळला आणि तो दरीत गेला. तो आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला. पिल्लाने त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिले, आणि मग ते तिच्या पोटाशी शिरून बसले.

तात्पर्य : आपल्या माणसाला सावरायचे असेल, तर आपला भार कुठे हवा ते आधी पाहावे आणि तिथे निश्चल बसावे, मग त्यानेच आपल्याला निष्ठुर म्हटले तरी चालेल.