मैनाजी कुंभाराच्या घरातला दोर

सारजाबाई गेल्याचं टाकळदऱ्याला कळलं तो सोमवार होता. ती गेली होती शनिवारी. मधल्या काळात कुणालाही काही कळलं नाही, आणि त्या वेळी गावात खुद्द खेमाजी महाराज मुक्कामाला होते.

भाविकहो, महाराजांच्या हाताची कथा पुष्कळजण सांगतात. पण तिची सुरुवात बहुतेक गाळतात, कारण ती ऐकवत नाही. ती आधी सांगतो.

टाकळदरा हे डोंगराच्या कुशीतलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. महाराज नदीकाठच्या देवळात उतरले होते. गावाच्या अगदी टोकाला, मडकी भाजायच्या आव्याजवळ, मैनाजी कुंभार आणि त्याची बायको सारजाबाई राहायची. मूलबाळ नव्हतं. मैनाजीची दृष्टी जाऊन सात वर्षं झाली होती आणि गुडघेही धरले होते. सारजाबाई त्याला हात धरून उठवायची, हात धरून बसवायची. घरात तेवढाच एक आधार.

गावातली ठकूबाई परटीण रोज सकाळी त्या दारावरून नदीला जायची. दर रविवारी सारजाबाई मळक्या कपड्यांचं गाठोडं दाराबाहेर ठेवायची आणि ठकूबाई ते उचलायची. त्या रविवारी गाठोडं नव्हतं. ठकूबाईला वाटलं, म्हातारीनं घरीच धुतले असतील. ती पुढे गेली. सोमवारीही दार बंदच दिसलं, तेव्हा तिनं हाक मारली. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. तिनं दार ढकललं.

सारजाबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली होती. शेजारी मैनाजी. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला होता. आवाज पार बसला होता.

तो म्हणाला, "ठकू, हिला जरा समजाव गं. शनिवारी कालवणात मीठ जास्त झालं म्हणालो मी. ते उगाच म्हणालो. तवापासून बोलत न्हाई."

ठकूबाई तिथंच खाली बसली. 

पुढे मैनाजीनं सांगितलं ते असं. मिठावरून दोघांचं वाजलं. ती बोलायची थांबली. त्याला वाटलं, रुसली. मग तोही रुसून बाजेवर पडून राहिला, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळ गेली, रात्र गेली. रविवारी दुपारी त्यानं हाक मारली. मग सरपटत चुलीपाशी गेला. हात लागला तो गार. आवा गावाबाहेर, वारा उलटा. किती ओरडला तरी कुणाला ऐकू गेलं नाही.

सारजाबाईला पोचवून लोक देवळात आले तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ठकूबाई महाराजांच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "म्हाराज, मी काल त्या दारावरून गेले. गाठोडं न्हवतं. मी बघितलं आन् फुडं गेले."

महाराज म्हणाले, "मी चार दिवस इथं बसून हरिनाम सांगतोय. तू निदान गाठोडं नाही हे पाहिलंस. मी तेही पाहिलं नाही."

मग सगळे मैनाजीच्या घरी गेले, आणि आता त्याचं काय, हा प्रश्न उभा राहिला. गावचे जयाजी पाटील पुढे आले. त्यांच्या वडिलांनी देवळामागे धर्मशाळा बांधली होती. गावातले चार निराधार म्हातारे तिथं आणून ठेवले होते. त्यांना दोन वेळा भाकरी मिळायची. बाकी ते दिवसभर पडून असायचे.

पाटील म्हणाले, "उद्या गाडी पाठवतो. पाचवा मैनाजी."

मैनाजीनं हात जोडले. "पाटील, जीव घ्या, पण घर नगा घेऊ. हितं कुठली वस्तू कुठं हाय ते माझ्या हाताला ठावं हाय. तिनं ठेवलंय तसंच हाय सगळं. धर्मशाळंत मी कुणाच्या भिंतीला हात लावू?"

"आंधळा माणूस एकटा राहणार? परत तीन दिवसांनी दार उघडायचं काय आम्ही?"

महाराज उठले आणि मैनाजीजवळ जाऊन बसले.

महाराज म्हणाले, "मैनाजी, चूल पेटवता येते का रे?"

"जल्म आव्यापाशी गेला म्हाराज. इस्तव मला बघावा लागत न्हाई."

"भाकरी?"

"हात मातीत मळलेत. पीठ काय जड न्हाई."

"मग काय येत नाही?"

मैनाजी म्हणाला, "बाजंवरनं रांजणापातूर जायला येत न्हाई. मधी धरायला काय न्हाई. तीच व्हती."

ठकूबाई उठली. घरी गेली आणि कपडे वाळत घालायचा आपला लांब दोर घेऊन आली. तिनं तो मैनाजीच्या घरात भिंतीच्या कडेनं, कमरेएवढ्या उंचीवर बांधला. बाजेपासून रांजण, रांजणापासून चूल, चुलीपासून मोरी, मोरीपासून दार. रांजणापाशी एक गाठ, चुलीपाशी दोन, मोरीपाशी तीन, दारापाशी चार. मैनाजीनं एकदा दोर धरून फेरी मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या वेळी त्यानं स्वतः पाणी घेऊन महाराजांना दिलं.

महाराजांनी तिथंच नेम घालून दिला. रोज सकाळी कुणीतरी फेरीला निघायचं. पाणी भरून द्यायचं, सरपण टाकायचं, दळण आणायचं. पण ज्याला जे जमतं ते त्याच्या हातातून काढून घ्यायचं नाही. आणि मैनाजीनं रोज उजाडताच एक ओलं फडकं, कालचं नव्हे हे कळावं म्हणून, आपल्या हातानं दाराच्या खुंटीला लावायचं. फडकं दिसलं नाही तर दार उघडायचं. कोणत्याही कारणानं पुढे जायचं नाही.

महाराजांनी मुक्काम वाढवला. महिन्याभरात फेरीत नऊ घरं आली. धर्मशाळेतले तिघेजण आपापल्या घरी परतले. एकाला उंच बाज करून दिली, एकाच्या उंबऱ्याला पायरी केली. ठकूबाई सगळ्यांच्या पुढे. धुणं ती चुकवायची नाही, आणि फेरीही नाही.

जयाजी पाटलांना हे लागलं. बापानं बांधलेली धर्मशाळा ओस पडत चालली, आणि तीही एका परटिणीमुळे! चावडीवर बसून ते तिला ऐकू जाईल असं बोलायचे. "गावाला नवी आई मिळाली बरं का. लोकांची धुणी धुता धुता पुण्यही धुऊन घेतेय."

एकदा त्यांनी तिला वाटेतच गाठलं. "काय गं ठके, बैलाला दावं लावतात तसं म्हाताऱ्याला दोर लावलास म्हणं?"

ठकूबाई मान खाली घालून म्हणाली, "पाटील, बैलाचं दावं मालकाच्या हातात असतंय. ह्यो दोर मैनाजीबाबाच्या हातात हाय."

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. पाटलांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की हे मोडायचं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, अर्धं गाव गोळा झालेलं असताना, पाटील गाडी घेऊन मैनाजीच्या दारात आले. महाराज समोरच्या लिंबाखाली बसले होते.

पाटील म्हणाले, "महाराज, तुमचा म्हातारा स्वतःच्या पायावर राहतो असं गाव म्हणतं. मी म्हणतो तो दोरावर राहतो. उद्या उंदरानं दोर कुरतडला तर? दोर काढा. कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. त्यानं एकट्यानं रांजणातलं पाणी घेऊन मला दारात आणून द्यावं. दिलं तर मी पुन्हा या घराकडे बघणार नाही. नाही दिलं तर तो आज गाडीत बसेल."

ठकूबाई पुढे झाली. "असं कसं पाटील! आंधळ्याची परीक्षा..."

महाराज म्हणाले, "ठकूबाई, दोर सोड."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी नुसती मान हलवली. गाठी तिला सुटेनात. शेवटी सगळा दोर गुंडाळून तिनं खांद्यावर घेतला आणि दाराबाहेर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

आतून मैनाजीनं विचारलं, "म्हाराज, दोर काढला?"

"काढला."

"मग म्या काय करू?"

"ऊठ, मैनाजी."

मैनाजी बाजेवरून उठला. त्यानं डावा हात पुढे केला. तिथं काहीच नव्हतं, उघडी भिंतही हातभर लांब होती. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग त्याची मूठ मिटली.

दारात आणि खिडकीशी उभ्या असलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. मूठ हवेत मिटली, आणि ताणलेल्या दोरावरून सरकावी तशी सरकू लागली. म्हातारा तिच्यावर अंगाचा भार टाकत होता. पडत नव्हता! चार पावलं गेला. अंगठा थांबला.

"एक गाठ," तो स्वतःशी म्हणाला. रांजणाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला. पुन्हा मूठ. "दोन." चुलीला वळसा घातला. "तीन." मोरीपाशी जमीन ओली होती, तिथं तो जरा घसरला आणि सगळा भार त्या मुठीवर गेला. लोकांच्या तोंडून आवाज निघाला. मैनाजी लोंबकळल्यासारखा क्षणभर थांबला, सावरला.

"चार." तो दारात उभा होता. तांब्या काठोकाठ भरलेला. तो पाटलांच्या दिशेनं धरून त्यानं विचारलं, "ठकू, दोर आज ओला कसा गं?"

ठकूबाईनं खांद्यावरच्या दोराला हात लावला. तो कोरडा होता. ती वळली आणि तिनं महाराजांकडे पाहिलं. महाराजांचा उजवा हात मांडीवर घट्ट मिटलेला होता. धोतरावर लाल डाग पसरत होता. ती धावली, तिनं हात उघडला. तळव्यावर आडवा वळ उठला होता, दोराच्या पिळाचा, जागोजागी कातडी सोलवटलेली, आणि त्यातून रक्त येत होतं.

"म्हाराज, हे काय!"

महाराज म्हणाले, "दुसरं टोक कुणीतरी धरायला लागतंच, बाई."

पाटलांच्या हातात तांब्या होता, तो तसाच राहिला. तरीही ते म्हणाले, "साधूंना असल्या करामती येतात. त्यानं म्हातारे सांभाळले जात नाहीत. आमच्या घरी येऊन बघा. आई ऐंशीची आहे. बारा माणसं राबतात."

महाराज म्हणाले, "ठकूबाई, तुला जे बोलायचंय ते बोल."

ठकूबाई दचकली. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "पाटील, तुमच्या घरचं गाठोडं येतं, त्यात आऊबाईंची लुगडी असत्यात. तीन आठवडं झालं, त्यांची घडी मोडलेली नसती. मी घातलेली घडी तशीच माघारी येती. नेसलेलं लुगडं मला कळतं, पाटील. ती नेसलेली न्हाईत."

पाटलांनी तांब्या खाली ठेवला. ते घराकडे निघाले, आधी चालत, मग जवळजवळ पळत. लोक मागे गेले ते अंगणापर्यंतच थांबले.

मागच्या खोलीचं दार पाटलांनी उघडलं. आत वास होता. आऊबाई एका अंगावर पडून होत्या. नेसूचं लुगडं अंगाला चिकटलं होतं, पाठीला जखमा झाल्या होत्या. त्यांच्याकडे बघायला ठेवलेली बाई गाठोडं भरलेलं दिसावं म्हणून पेटीतली धुतलेली लुगडीच त्यात घालत होती. आणि बारा माणसांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कुणीतरी आत जात असेल. पाटील स्वतः सणाच्या दिवशी उंबऱ्यातून नमस्कार करायचे.

आऊबाईंनी पावलं ओळखली. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला.

"जयाजी? आज कोणता सण आहे?"

पाटील परत आले तेव्हा त्यांच्या डोक्याला पागोटं नव्हतं. चेहरा पांढराफटक. ते महाराजांच्या पायावर पडायला वाकले, तशी महाराजांनी पावलं मागे घेतली.

महाराज म्हणाले, "घडी मी पाहिली नव्हती."

पाटील वळले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी ठकूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती घाबरून मागे सरली. "अवं पाटील! उठा, उठा. आधी आऊबाईंची कूस बदलायला चला. मी येते संगं."

ती गेली. तिनं आऊबाईंना अंघोळ घातली, जखमा धुतल्या. महाराजांनी पाटलांना आईला एकच गोष्ट विचारायला सांगितली होती: तुला तुझ्या हातानं काय करायचंय? आऊबाई म्हणाल्या, "तोंड धुवायचंय. दुसऱ्याच्या हातानं नको." त्या खोलीत पाटलांनी स्वतः दोर बांधला. दुसऱ्या दिवसापासून मैनाजीच्या रांजणात पाणी भरायला पाटील येऊ लागले. पहिल्यांदा त्यांनी चूलही पेटवायला घेतली, तेव्हा मैनाजीच म्हणाला, "ते माझं काम, पाटील. तुम्ही नुसतं पाणी भरा."

महाराज निघाले त्या दिवशी मैनाजी ठकूबाईनं पुन्हा बांधलेला दोर धरून दारापर्यंत आला. महाराजांचा पट्टी बांधलेला हात त्यानं चाचपला. मग त्यानं विचारलं, "म्हाराज, तुमच्यात येवढी ताकद व्हती, मग शनिवारी सारजाला का न्हाई धरलं?"

असं कुणी महाराजांना विचारेल असं कुणाला वाटलं नव्हतं. महाराजांचे डोळे भरून आले.

महाराज म्हणाले, "ते माझ्या हातात नव्हतं, मैनाजी. असतं तर धरलं असतं."

मैनाजीनं मान डोलावली. त्यानं महाराजांचा हात लगेच सोडला नाही, आणि महाराजांनीही काढून घेतला नाही.

मैनाजी पुढे सहा वर्षं त्याच घरात राहिला आणि त्याच घरात गेला. त्या सकाळी खुंटीला फडकं नव्हतं, आणि सूर्य वर यायच्या आत ठकूबाईनं दार उघडलं होतं.

टाकळदऱ्यात ती फेरी अजून चालते. वरच्या आळीत चार घरं आहेत, डोंगराच्या चढावर. तिथं जायला अजून माणूस मिळालेलं नाही. त्या चारही घरांत एकेकटी म्हातारी माणसं राहतात.