श्वासाचं पाणी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हापासून त्या वाळवंटातल्या टेकड्या किती वेळा मोडल्या आणि किती वेळा पुन्हा उभ्या राहिल्या, हे वाऱ्यालाही आठवत नसेल.

दूर आफ्रिकेतल्या तांबड्या वाळूत वाळूउंदरांची एक वस्ती होती. आपल्याकडे पोत्यामागे पळतो तो उंदीर नव्हे हं! हा मुठीत मावेल एवढा, वाळूच्याच रंगाचा. तळपायांना केस, शेपटीच्या टोकाला झुबका. आणि पाणी? तो ते जन्मात पीत नाही म्हटलं तरी चालेल. गवताचं बी खातो आणि त्यातल्या ओलीवर जगतो.

त्या वस्तीची एक रीत होती. उजाडायच्या आत प्रत्येकानं बिळात शिरायचं आणि आतून वाळू लोटून दार गच्च बुजवायचं. दुसरी रीत त्याहून अवघड. आणलेलं बी लगेच खायचं नाही. आतल्या कोठीत ठेवायचं आणि चार दिवसांनी खायचं. म्हाताऱ्यांनी सांगितलं, संपलं!

झुबकी नावाच्या उंदरिणीला हे अजिबात पटत नसे. "भूक आज आणि जेवण चार दिवसांनी? हा कुठला न्याय?" असं म्हणून ती सापडेल ते बी जागच्या जागी फोडून खाई. दारही अर्धंच बुजवी, जरा वारा यावा म्हणून. दिवस चांगले होते, तोवर ते खपूनही गेलं.

मग पाऊस रुसला. एक साल, दुसरं साल, तिसरं साल. पहाटेचं धुकंही येईनासं झालं. बी मिळे, पण खडखडीत वाळलेलं. आणि नेमकी त्याच साली झुबकीला चार पिल्लं झाली. गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी. आठवडाही झाला नाही तोच तिचं दूध आटायला लागलं. पिल्लं लुचून लुचून दमली.

"ताई, चल इथून," तिची धाकटी बहीण म्हणाली. "टेकड्यांपलीकडे नदीत अजून डबकी आहेत म्हणे."

"आणि ही चार?"

"तोंडात एक धरता येईल."

"आणि बाकीची तीन?"

बहीण बिळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"तू जा," झुबकी म्हणाली. "मी एकालाही टाकून यायची नाही."

बहीण रडत रडत गेली. झुबकी उठली आणि शेजारच्या बांडी मावशीकडे गेली. मावशीची शेपटी तरुणपणीच तुटली होती, म्हणून सगळे तिला बांडी म्हणत.

"मावशी, माझं दूध आटत चाललंय. काय करू?"

"दार बुजव."

"अगं, दाराचं काय घेऊन बसलीस!"

"मग कशाचं घेऊन बसू?" मावशी कडाडली. "तुझ्या श्वासात ओल असते. दार उघडं ठेवलंस की ती जाते उन्हाच्या घशात. दार बंद असलं की आतच राहते. कोरडं बी ती ओल पितं आणि मग ते बी तू खातेस. आपली नदी ती! दुसऱ्या नदीला मीही गेले होते एकदा. शेपटी तिथंच ठेवून आले. तहानलेले जिथं जातात, तिथंच भुकेले टपून बसतात, पोरी."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी ऐकायला थांबलीस?"

मावशीनं आपल्या कोठीतले चार ओले दाणे तिच्यापुढे सरकवले. "दिवसाला एक. तू बी आणून जी रास लावशील, तिला मात्र चार दिवस तोंड लावायचं नाही. जमेल?"

"न जमून काय करते!"

उजाडेपर्यंत झुबकीनं खेपा घालून बी आणलं. मग आत शिरली आणि मागच्या पायांनी वाळू लोटून दार ठोकून ठोकून बुजवलं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं दाराची वाळू उडवली आणि उन्हाची तिरीप आत आली. झुबकी धावली, दार लिंपलं. वाऱ्यानं पुन्हा पाडलं, तिनं पुन्हा लिंपलं. असं दिवसभर चाललं. तिचे पाय सोलवटले, पण दार काही उघडं राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी भूक असह्य झाली. समोर दाण्यांची रास! तिनं एक दाणा दाताखाली धरलासुद्धा. तेवढ्यात एक पिल्लू चाचपडत तिच्या पोटाशी आलं. तिनं दाणा होता तिथं ठेवून दिला.

चौथ्या दिवसाच्या शेवटी तिनं भीत भीत तोच दाणा चावला. एरवी कट्ट वाजायचा, आज वाजलाच नाही. मऊ होता, गार होता. झुबकीनं पोटभर खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी पिल्लं अशी लुचू लागली की तिला दुखलं. त्या दुखण्यानं तिला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

काही दिवसांनी पहाटे दारावर खरखर झाली. "ताई... मी आहे."

झुबकीनं वाळू उकरून बहिणीला आत ओढलं. तिची शेपटी अर्ध्यावर तुटली होती.

"पाणी होतं गं," बहीण हुंदके देत म्हणाली, "पण काठावर घुबड होतं..."

"आधी दार बुजवू लाग," झुबकी म्हणाली. "मग काय रडायचं ते आत रड. तेवढीच ओल!"

दोघींनी मिळून दार बुजवलं. आता त्या बिळात सहा श्वास होते, आणि झुबकीच्या कोठीतले दाणे पूर्वीपेक्षा लवकर भिजू लागले.

म्हणून लक्षात ठेवा: दूरच्या नदीला निघण्याआधी आपल्या घरातून काय वाया जातंय, ते अडवावं.