हललं की लागणारा दिवा

"मग आपण त्यांना एक शब्द सांगणार की नाही, बाबा?"

गणपुले सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आपला आवाज जरा जास्तच चढला की काय, अशी शंका येऊन त्यांनी उगाचच चष्मा काढून पुसला.

टेकडीवरच्या तकियात, आपल्या फकिरी मठीत, हसनबाबा फाटक्या गोधडीला टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"शेवंताबाईंना. माझ्या शेजारच्या. दर गुरुवारी आपल्या पायाशी येऊन बसतात. माझं काही ऐकायच्या नाहीत. आपण म्हणालात, तर तो दिवा आजच्या आज निघेल."

"दिव्यानं काय केलं तुमचं?"

सरांनी सांगितलं. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, मुद्देसूद सांगितलं. डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. पुढच्या हिवाळ्यापर्यंत अंधूक गोष्टी दिसायच्या बंद होतील, असं डॉक्टरांनी स्पष्टच बजावलं होतं. त्याआधी एकदा त्यांना आपल्या परसातून, नुसत्या डोळ्यांनी, देवयानी दीर्घिका पाहायची होती. आकाशातला तो पुसटसा धुरकट ठिपका. आणि नेमका याच वर्षी शेवंताबाईंनी मागच्या भिंतीवर पांढराशुभ्र दिवा बसवला. काही हललं की भपकन लागणारा.

"मांजर गेलं की लागतो. वटवाघूळ गेलं की लागतो. पंचवीस लाख वर्षं वाट चालून आलेला प्रकाश, बाबा... आणि माझ्या परसात येऊन..."

"बाईच्या दिव्यापुढं हरला?"

"हरला."

"अरेरे." बाबांनी दोरा दातांनी तोडला. "चला मास्तर. दाखवा."

कार्तिकातली अवसेजवळची संध्याकाळ होती. अंधार नुकताच पडला होता. परसात धुण्याच्या दगडावर बाबा बसले, सर खुर्चीवर. मधे गुडघाभर कुंपण, पलीकडे शेवंताबाईंची भिंत आणि भिंतीवर तो दिवा. पेटलेलाच.

"पाहिलंत?" सर हात नाचवत म्हणाले. "असं रोज. आता विझेल, की पुन्हा..."

विझला.

"आता बघा, ते शर्मिष्ठेचे पाच तारे." सरांनी बोट वर केलं.

दिवा लागला.

"हे! हे असं!"

विझला. सरांच्या मानेवर डास बसला. त्यांनी चापट मारली. लागला.

"तर बाबा, शर्मिष्ठेच्या त्या टोकापासून खाली यायचं. पण गंमत अशी, की देवयानीकडे सरळ पाहिलं तर ती नाहीशी होते. जरा बाजूला पाहावं लागतं. मग कडेनं दिसते."

"लाजते?"

"तसं नव्हे हो. डोळ्याची रचनाच तशी असते..." आणि सर रचना समजावून सांगू लागले. दोन्ही हातांनी. तेवढा वेळ दिवा विझलाच नाही.

बाबा मांडीवर हात ठेवून दगडासारखे बसून राहिले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पाय हलत होता. केव्हापासून हलत होता, कुणास ठाऊक.

त्यांनी पाय थांबवला.

...

दिवा विझला.

मानेला खाज सुटली. खाजवू नये. कुठे मांजर होतं आज? कुठे वटवाघूळ? म्हणजे इतके दिवस... छे, असं कसं असेल? आपण तर नुसते बसलेलो असायचो.

...

काळोख हळूहळू गडद होत गेला. भिंत गेली. कुंपण गेलं. एकेक करून तारे उगवले, मग ताऱ्यांच्या मागचे तारे. सर शर्मिष्ठेकडे पाहत होते. आणि कडेला, ध्यानीमनी नसताना, श्वासाची वाफ उरावी तसा एक पुसट डाग...

सरांच्या गालावरून पाणी ओघळलं. ते पुसायला हात उचलला नाही.

...

भपकन उजेड पडला.

"अगं बाई, बाबा! तुम्ही? आणि अंधारात काय बसलाय?" शेवंताबाई मागच्या दारात उभ्या होत्या. हातात काठी. "मी म्हटलं, आजही आला मेला."

"कोण गं?" बाबांनी विचारलं.

"चोर हो! उन्हाळ्यात एकदा भिंतीवरून उतरला होता, तेव्हापासून हा दिवा लावलाय. एकटी बाई मी. पण रोज दिवेलागण झाली की हा लागतो, विझतो, लागतो, विझतो. जीव नुसता धडधडतो. काठी घेऊन दाराआड बसते. आज मधे बराच वेळ लागला नाही, तेव्हा कुठे दोन घास गेले. उद्या मोठा दिवा बसवायला माणूस येतोय."

सर उठून उभे राहिले.

"शेवंताबाई... तो मी."

"काय तुम्ही?"

"चोर. म्हणजे... दिवा माझ्यामुळे लागतो. मी इथे बसतो, आणि माझे पाय..."

बाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून तोंडाला पदर लावून हसल्या.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं, सर? महिनाभर तुमच्यासाठी काठी धरून बसले होय मी! काढूनच टाकते उद्या तो दिवा."

हेच तर सरांना हवं होतं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग त्या काठीकडे.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. मोठा मात्र आणू नका. मी... मी बसेन नीट."

बाई चहा टाकायला आत गेल्या. बाबा गोधडी खांद्यावर टाकून निघाले. सर फाटकापर्यंत मागोमाग गेले. विचारावं की नको, असं करत शेवटी त्यांनी विचारलंच.

"बाबा, आज दिसली. पण पुढच्या कार्तिकात हे डोळेच नसले तर... मी तिला बघणार कसा?"

हसनबाबा थांबले. मागे दिवा अजून जळत होता.

"मास्तर, आज ती दिसली, तेव्हा तुम्ही बघत कुठं होता?"