चिंधीने दिलेली ओ

फार पूर्वी, वस्तूंनाही हाक ऐकू यायची तेव्हा, सगुणा नावाडीण होडीतून शेळ्या पैलतीरी नेत होती. नदीच्या मध्यावर तळातली जुनी खुंटी मोडली आणि भोकातून पाणी आत उसळलं.

"बूच! अरे, बूच कुठंय?" ती ओरडली.

होडीतल्या टोपलीत पडलेली, भोकं बुजवायची गुडदी म्हणाली, "मी गुडदी. बूच तो बाटलीतला."

"आणि मी दट्ट्या," तिच्या शेजारचा लाकडी दट्ट्या ताठ्यात म्हणाला. "माझ्या नावानं हाक मारली तर येईन."

"अरे, शेळ्या बुडतील!" म्हणत टोपलीच्या तळाशी पडलेल्या कापडाच्या चिंधीने भोकात उडी घेतली आणि फुगून घट्ट बसली. होडी काठाला लागली.

"पण तुला कुणी बोलावलं होतं?" गुडदीने विचारलं.

ओलीचिंब चिंधी हसली. "मला रोज नवं नाव असतं. कधी फडकं, कधी पोतेरं, कधी बोळा. मी नाव ऐकतच नाही गं, हाक ऐकते."